ग्राफमधली चुकीची ओळ

आप्पा, तुमचे नक्षीचे ग्राफ मी पोरांना रंगवायला दिले. सगळे. ट्रंकेच्या तळाशी धुतलेल्या धोतरात गुंडाळून ठेवलेले, ज्यांना हात लावण्याआधी हात धुवायचे, पुसायचे आणि दोन्ही बाजूंनी तुम्हाला दाखवायचे, तेच. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी बाहेरच्या खोलीत अकरा पोरं मांडी घालून बसली होती आणि प्रत्येकाच्या पुढ्यात तुमचा एक ग्राफ होता. एकीनं त्याच्यावर भडंगाचा तेलकट हात पुसला. मी बघितलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक अक्षर लिहावंसं वाटलं नाही. वर्षातून एकदा तुमच्या फोटोला हार घातला की माझं काम संपायचं. त्या फोटोतसुद्धा तुमच्या खिशाला दोन पेनं आहेत, एक काळं, एक तांबडं, जणू देवाच्या दारातही कुणाचातरी ग्राफ तपासायला बोलावलंय. इथं बेळगावच्या वडगावात अजून कुणी ना कुणी घरी येतं, त्या फोटोपुढं थांबतं आणि म्हणतं, “मास्तरांचा हात कधी चुकला न्हाय बघ.” आई मान डोलावते, मी चहा ठेवायला आत जाते. आज लिहायला बसले आहे ती त्या एका वाक्यासाठी.

तुमचं पंचिंग मशीन जिथं होतं तिथं फरशीवर गंजाचे चार डाग अजून आहेत. पोरं त्यांना रांगोळीचे ठिपके समजून खडूनं जोडतात. मी एका हायस्कुलात अतिथी शिक्षिका आहे. अतिथी म्हणजे जूनमध्ये बोलावतात आणि मार्चमध्ये विसरतात. घरातली पहिली पदवीधर, तीही गणितात, म्हणून आईनं गल्लीत पेढे वाटले होते आणि शेजारच्या काकूंनी पेढा तोंडात टाकून विचारलं होतं, “आता त्येचं काय करायचं पुढं?” त्यांना उत्तर मिळालं असावं, कारण दर रविवारी मी गल्लीतली पोरं जमवून कागद कापत बसते. जुन्या लग्नपत्रिकांच्या आम्ही पट्ट्या करतो आणि पट्ट्यांच्या चटया विणतो. एक वर, एक खाली. ते जमलं की दोन वर, एक खाली, आणि दर ओळीला एक घर सरकायचं. पहिल्यांदा चटईवर तिरकी रेघ उमटली तेव्हा एक पोरगं ओरडलं, “ताई, जिना झाला!” कन्नड शाळेत जाणारी एक पोरगी त्याच्या शेजारी ‘ओंदु, एरडु, मूरु’ असं पुटपुटत, मोजत विणत होती. तिचा जिना उलट्या बाजूला चढत होता. कुणाचा बरोबर यावर दोघांचं जोरात भांडण लागलं, आणि शेवटी दोन्ही चटया शेजारी ठेवल्यावर डोंगर झाला तेव्हा ते मिटलं. भांडण गणिताचं होतं, आप्पा. त्या खोलीत तुमच्याशिवाय कुणीतरी मोजतंय, चुकतंय आणि वर हसतंय, हे तुम्हाला सोसलं नसतं.

आम्ही पेढेही करतो. चौकटीच्या कागदावर एक घर रंगवायचं, खाली तीन, खाली पाच, सात, नऊ, मग परत उतरत यायचं. पोरं त्याला पेढा म्हणतात, गणिताच्या पुस्तकात त्याला दुसरं नाव आहे. वरचा अर्धा पेढा करताना दर ओळीनंतर एकूण घरं किती झाली ते लिहायला सांगितलं. एक, चार, नऊ, सोळा, पंचवीस. मग ती कन्नड शाळेतली पोरगी उठली आणि भिंतीवरच्या पाढ्यांच्या तक्त्यावर कोपऱ्यातून कोपऱ्यात बोट फिरवत म्हणाली, “ताई, ह्ये तर हितं तिरके बसल्यात!” मी तिला सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. तुम्ही चाळीस वर्षं चौकटीच्या कागदावर वाकून काढलीत, आणि तुमच्या घरात वाढलेल्या पोरीला हा आनंद मिळायला कॉलेजचं दुसरं वर्ष उजाडावं लागलं.

ग्राफ हातात देण्याआधी मी पोरांना तुमचा धंदा सांगितला. साडीच्या काठाला नक्षी हवी असली तर आधी ती चौकटीच्या कागदावर घरं भरून काढायची, तो ग्राफ. मग ग्राफची एकेक ओळ बघून पुठ्ठ्याच्या एकेका कार्डाला मशीननं भोकं पाडायची. ती कार्डं मागावर चढवली की भोक असेल तिथला धागा उचलला जातो आणि नक्षी विणली जाते. एवढंच. पोरांनी माना डोलावल्या आणि रंगांच्या डब्यावर झडप घातली. एवढ्याशा गोष्टीचं तुम्ही केवढं देऊळ केलं होतंत! गाभाऱ्यात तुम्ही, आणि उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे सगळे मागवाले.

त्या दिवशीचा खेळ दुमडण्याचा होता. नक्षी रंगवायची, मधोमध दुमडायची, खिडकीच्या उजेडाला धरायची आणि डावी बाजू उजवीवर बसते का बघायची. थोड्या वेळानं ती कन्नड शाळेतली पोरगी म्हणाली, “ताई, ह्यातली एक ओळ नाचालीय.” मी न बघताच म्हणाले, “घडी चुकली असेल, नीट दुमड.” तिनं पुन्हा दुमडलं. “न्हाय ताई. बाकीच्या सगळ्या गप बसल्यात. ही एकटीच नाचालीय.” मी म्हणाले, मोजून बघ. तिनं मोजलं. वरच्या अर्ध्यातल्या ओळीत नऊ घरं, आणि खालच्या अर्ध्यातल्या तिच्या जोडीदारणीत, म्हणजे नाचणाऱ्या ओळीतही, नऊच. फक्त ती नऊच्या नऊ घरं एक घर डावीकडं सरकून बसली होती. मोजणाऱ्याला कधी सापडणार नाही अशी चूक. दुमडणाऱ्याला लगेच दिसते. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, “माझ्यात पण हाय!” मग आणखी एक. अकरा ग्राफ, अकरा चुका, प्रत्येकात एकच, दर वेळी वेगळ्या ओळीत. पोरं हसून लोळायला लागली. “कुणी केलंय ताई ह्ये? लई येडं हुतं काय?” मी म्हणाले, माझ्या वडिलांनी. मग त्या पोरीनं खरोखरच्या काळजीनं विचारलं, “त्यास्नी दुमडायला कुणी शिकवलं न्हवतं व्हय?”

मी नऊ वर्षांची आहे. शाळेला सुट्टी आहे, आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापते आहे, आणि तिचा कुंकू लावायचा हातभर आरसा घेऊन मी बाहेरच्या खोलीत आले आहे. दोन मागवाले पाटावर बसलेत, तुमचा ग्राफ त्यांच्यासमोर पसरलाय आणि तुम्ही पेन फिरवत काहीतरी समजावताय. मी आरसा त्या कमळाच्या मधोमध उभा धरते. अर्ध्या कमळाचं पूर्ण कमळ होतं, ह्याची मला केवढी गंमत वाटते! मी आरसा उचलते, परत ठेवते, परत उचलते. प्रत्येक वेळी आरसा उचलला की एक ओळ उडी मारते. “आप्पा, ही ओळ चुकलीया.” तुम्ही वर बघता. तुमचं तोंड आधी पांढरं होतं, मग लाल. “डोळं फुटल्यात काय गं? आत जा. परत ग्राफला हात लावलास तर हात मोडून ठेवीन.” आणि त्या दोघांकडं वळून, हसून, “पोरीच्या जातीला घरं मोजायला कुठली यायला.” ते दोघं हसतात. मी आत येते. आई भाकरी उलटते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही चोवीस रंगांची पेटी आणलीत. आमच्या गल्लीत तेव्हा कुणाकडं बाराच्या वर रंग नव्हते. “घे. फुलं काढ, डोंगर काढ. ग्राफ नगं,” म्हणालात. कितीतरी वर्षं मी ती पेटी तुमच्या मायेची खूण म्हणून जपली, मैत्रिणींना लांबून दाखवली. आता तिच्याकडं बघितलं की किळस येते. नऊ वर्षांच्या पोरीचं तोंड बंद करायला तुम्हाला चोवीस रंग लागले, एवढीच त्यात कौतुकाची गोष्ट. आणि तोंडच नाही, डोळेही बंद झाले माझे. त्या दिवसापासून मी प्रत्येक बेरीज तीनदा करते. दहावीला शेवटचं गणित राहिलं, कारण आधीची सगळी मी तिसऱ्यांदा तपासत बसले होते. बी.एस्सी.लाही तेच. सरांनी एकदा वैतागून म्हटलं, अगं, पहिल्यांदाच बरोबर आलेलं असतं तुझं, पुढं जा की. त्यांना काय सांगणार? की मला समोर दिसलेली गोष्ट खरी असते, ह्यावरच माझा विश्वास उरलेला नाही?

पोरं गेल्यावर मी सगळे ग्राफ पुन्हा दुमडून बघितले. मग स्वयंपाकघरात गेले. आई मेथी निवडत होती. मी एक ग्राफ तिच्यापुढं धरला आणि ती ओळ दाखवली. तिनं चष्मासुद्धा लावला नाही.

“तुला आता कळलं व्हय?”

“म्हणजे तुला ठाऊक होतं?”

“ठावं नसायला काय झालं? गिऱ्हाईक ‘घरात दाखवून आणतो’ म्हणून ग्राफ न्यायचं आणि दुसऱ्याकडनं पंच करून घ्यायचं. मग त्यांनी काय करायचं? दोन-दोन काढायचे. वरच्या कप्प्यातला गिऱ्हाइकाचा, त्यात एक ओळ हलवलेली. खालच्या कप्प्यातला आपला, बरोबरचा. आपला बघून ते पंच करायचे. तू दाराला कुलूप लावत न्हाईस काय?”

“कुलूप दिसतं, आई. हे दिसत नव्हतं.”

“दिसलं असतं तर कोण फसलं असतं गं?” ती म्हणाली आणि मेथीच्या काड्या बाजूला सारल्या.

मी विचारलं, मग बरोबरचे ग्राफ कुठं आहेत? तर म्हणाली, जाळले, शेवटच्या दुखण्यात तुम्हीच तिला बंबात घालायला लावलेत, आणि हे ठेव म्हणालात. ऐकून मी हसले. दुसरं काय करणार? आयुष्यभर जे बरोबर काढलंत ते आंघोळीचं पाणी तापवायला, आणि जे चुकीचं काढलंत ते धोतरात गुंडाळून ट्रंकेत. असा वारसा कुणी कुणासाठी ठेवला असेल का, आप्पा? लोक चुका लपवतात आणि बरोबर ते दाखवतात. तुम्हाला दोन्ही उलटं जमलं. काम मात्र तुम्हाला खरंच येत होतं, आणि ह्याचाच मला जास्त राग येतो. न येणाऱ्या माणसानं फसवलं तर त्याची कीव करता येते. पोरं जे हसत-खेळत शोधतात, डाव्याचं उजवं, वरचं खालचं, तेच सौंदर्य तुम्हाला हाताच्या रेषांसारखं पाठ होतं, आणि तुम्ही बसून, मोजून, मापून ते एक घर बिघडवत होतात. तेही असं की मोजणाऱ्याला सापडू नये.

कुलूप फक्त चोराला अडवतं, असं आईला वाटतं. बोरगावचा तो माणूस चोर नव्हता. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. तो तिशीचा असेल, नव्यानं पंचिंग मशीन घेतलेला. निपाणीकडच्या एका मागवाल्यानं तुमचा ग्राफ घरात दाखवतो म्हणून नेला होता आणि जवळ पडतं म्हणून कार्डं त्याच्याकडून पाडून घेतली होती. साडी विणून झाली तर काठावरच्या प्रत्येक कमळात तीच ओळ सरकलेली, सहा वारभर. लांबून बघितलं तर काठ लंगडतोय असं वाटायचं. मागवाल्यानं ग्राफ तुमच्याकडं परत आणून दिला आणि सगळा दोष त्या माणसाच्या माथी मारला. तो बिचारा भांडायला आला नव्हता. साडीचा तुकडा आणि ते एक कार्ड घेऊन आमच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “मास्तर, माझं कुठं चुकलं तेवढं दावा.”

कपाटातून ग्राफ बाहेर आला. तुम्ही तो त्याच्यापुढं पसरलात, त्याचं कार्ड त्या ओळीशी धरलंत आणि तांबड्या पेनाचं टोक टेकवलंत. “हितं.” बरोबरचा ग्राफ होता तो. त्याच्या कार्डाची भोकं एक घर सरकलेली दिसत होती. तो खूप वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “व्हय की.” बस. एवढंच. तुम्ही त्याला चहा पाजलात. “हात बसाय लागतोय गड्या. सगळ्यास्नीच जमतंय असं न्हाय,” असं त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, आणि तो जाताना तुमच्या पाया पडला. पुढं वडगावात कुणाचं काही बिघडलं की ‘बोरगाववाल्याचा हात लागला काय रं?’ असं विचारायची पद्धतच पडली. ते वाक्य तुम्हीच पहिल्यांदा चहाच्या टपरीवर म्हटलं होतं, आणि त्यावर तुम्हीच सगळ्यांत मोठ्यानं हसला होतात. वर्षाच्या आत त्यानं मशीन विकलं. तुमचा हात कधी चुकला नाही, ही तुमची कीर्ती अशी झालेली आहे. दुसऱ्याचा हात चुकवून.

परवाच्या शनिवारी मी बोरगावला गेले. बेळगावहून निपाणी, तिथून दुसरी बस. स्टँडवर विचारलं, पूर्वी कार्ड पंचिंग करायचे ते कुठं राहतात? दोघांनी डोकी खाजवली, तिसरा म्हणाला, “गिरणीवालं व्हय? सरळ जावा, आवाजानं घावंल.” पिठाची गिरणी होती. भुवयांपर्यंत पांढरे झालेले एक गृहस्थ पट्ट्यावर हात ठेवून उभे होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी गमज्यानं स्टूल तीन वेळा पुसलं.

“मास्तरांची पोरगी व्हय तू? बस, बस. लई मोठा माणूस. मी तवा चुकून बी त्यांनी मला चा पाजला बघ. दुसऱ्यानं दारात उभा केला नसता.”

मी म्हणाले, “काका, तुमचं चुकलं नव्हतं.”

ते हसले. “आता काय त्येचं? माझंच डोळं बरं न्हवतं. नंबर पुढं लागला, पर बिघडलं तवाच असणार.”

“डोळे बरे होते, काका. ग्राफ चुकीचा होता.”

“मास्तरांचा? येडी का खुळी तू? तुझ्या बापाचा हात कधी चुकला न्हाय.” त्यांना खरंच राग आला होता. माझ्यासमोर तुमची बाजू घेऊन तो माणूस भांडत होता, आप्पा. तुम्ही ज्याचा हात मोडलात तोच तुमच्या हाताची ग्वाही देत होता. मला त्या क्षणी तुमची जेवढी चीड आली तेवढी आयुष्यात कधी आली नव्हती. मी पिशवीतून तो कमळाचा ग्राफ काढला, मधोमध दुमडला आणि त्यांना दाराच्या उजेडात धरायला सांगितलं. त्यांच्या पिठाच्या बोटांचे ठसे कागदावर उठले. दळणाचा डबा घेऊन उभी असलेली एक बाई म्हणाली, “काका, माझं व्हतंय काय आज?”

“थांब की गं, पावणं जेवाय बसल्यात काय घरात?” असं म्हणून त्यांनी गिरणीच बंद केली. एकदम शांत झालं. ते कागदाकडं बघत राहिले. त्यांचा अंगठा वरून खाली सरकत सरकत त्या ओळीवर आला आणि थांबला.

“परत घाल घडी,” ते म्हणाले. मी घातली. “परत.” मी तिसऱ्यांदा घातली. मग त्यांनी स्वतः घातली.

“म्हंजे ह्यो कागद बघून मी बरोबर पंच केलतं?”

“घर न् घर बरोबर केलं होतं, काका.”

“आणि त्यांनी मला दावला त्यो?”

“तो दुसरा होता.”

ते पोत्यावर बसले. ती बाईही डबा खाली ठेवून उभी राहिली. मग ते माझ्याशी नाही, तिच्याशी बोलावं तसं बोलले, “अजून काट्यावर वजन टाकलं की मी घरातनं बायकोला बोलवून बघाय लावतो. माझ्या डोळ्यावर माझाच भरवसा न्हाय म्हणून.” बाई म्हणाली, “व्हय, आमी हसतो की त्येला.” तिनं हे इतक्या सहज म्हटलं की मला कुठं बघावं कळेना. मी काकांना सांगणार होते की मीही तीनदा मोजते, मलाही तसंच झालंय, आपण दोघं एकाच माणसानं मोडलेले. तसं सांगायची मी पूर्ण तयारी करून गेले होते. बसमध्ये वाक्यं जुळवली होती.

तेवढ्यात त्यांनी विचारलं, “तुला कवा कळलं ह्ये?”

“महिना झाला, काका. रविवारी पोरं रंगवत होती, त्यांना सापडलं.”

“हुशार हाईस,” ते म्हणाले. “बापावर गेलीस.” आणि त्यांनी तो ग्राफ मागून घेतला, गमज्यात गुंडाळला आणि गिरणी पुन्हा सुरू केली.

मी त्यांना खोटं सांगितलं, आप्पा. आणि वर इथं तुम्हालाही अर्धंच लिहिलं. कपाटातून ग्राफ बाहेर आला, असं लिहिलंय मी. तो आपला आपण कसा येईल? तुम्ही त्याच्यासमोरून उठला नाहीत. मला हाक मारलीत. “खालच्या कप्प्यातला कमळाचा आण गं.” मी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात एक कमळ होतं, खालच्या कप्प्यात एक. मी दोन्ही बाहेर काढले, एकावर एक ठेवले आणि मागच्या खिडकीच्या उजेडाला धरले. एक ओळ सोडून सगळं कमळ एकमेकांवर बसलं. म्हणजे नऊ वर्षांची असताना मला जे दिसलं होतं ते खरं होतं. हे मला तेव्हाच, त्या खिडकीपाशीच कळलं. बाहेर तो माणूस पाटावर वाट बघत बसला होता आणि तुम्ही मला हाक मारून ग्राफ आणायला सांगितलं होतं. चार वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही मला ग्राफला हात लावायला सांगत होतात.

मी वरचा जिथल्या तिथं ठेवला. खालचा आणून तुमच्या हातात दिला. तुम्ही “हितं” म्हणालात तेव्हा मी तुमच्या मागंच उभी होते. त्यानंतर चहाही मीच ठेवला.

काकांना एवढं सांगायचं राहिलं आहे. बोरगावला बस रोज जाते. मी अजून परत गेलेले नाही.